चोखणीचे आठ दिवस

सेहेचाळिसाव्या वर्षी मी आजी झाले आणि ही बातमी मी एकटीनं निमगाव सावा गावभर केली. दूधवाल्याला सांगितली, पिठाच्या गिरणीत सांगितली, गॅसची टाकी द्यायला आलेल्या माणसाला सांगितली. तो म्हणाला, "सही करा." मला एरवीही एका जागी बसवत नाही. लग्नाच्या पंगतीत मी वाढायला उठते ती परत पाटावर टेकायचं नाव काढत नाही. त्यात आता नात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सव्वा महिना लेक आणि तिचं लेकरू दोघी माझ्या ताब्यात. मी कमरेला पदर खोचला आणि मनातल्या मनात पडदा वर केला.

नातीनं पहिल्याच अंकात माझी भूमिका काढून घेतली. तिला फक्त आई हवी होती. ती प्यायची, डुलकी काढायची, झोळीत ठेवली की डोळे उघडायची आणि पुन्हा प्यायला मागायची. माझी लेक चाकणला कंपनीच्या ऑफिसात काम करते, तिला सगळं टिपून ठेवायची सवय. किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूला पाजलं, सगळं फोनमध्ये. दिवसाला दहा वेळा, बारा वेळा, एकदा तेरा. मधल्या वेळात रडणं. दिवेलागणीनंतर आमच्याकडं पोर घेऊन कुणी अंगणात फिरत नाही. ऊस अंगणाला लागून आहे आणि उसात बिबट्या. म्हणून येरझाऱ्या घरातल्या घरात. ह्यांची ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत एकवीस पावलं व्हायची, माझी सोळा, कारण मी पळायचे. आम्ही नवरा-बायको सत्तावीस वर्षांत एवढ्या वेळा समोरासमोर कधी आलो नव्हतो.

पण खरी काळजी रडण्याची नव्हती, वजनाची होती. नात जन्मली तेव्हा दोन किलो आठशे. सातव्या दिवशी आशाताई वजनकाटा घेऊन आली, झोळीत घालून पोरीला टांगलं, तर दोन सहाशेवीस. आशाताई म्हणाली, पहिल्या आठवड्यात उतरतंच, पुढच्याला चढलं पाहिजे. लेकीनं ठरवलं होतं, सहा महिने फक्त आपलं दूध. आणि विहीणबाई रोज अवसरी बुद्रुकहून फोन करून विचारायच्या, "दुधाच्या पावडरीचा डबा कवा सुरू करताय? माझी दोन्ही पोरं डब्यावर वाढली, बघा कशी दांडगी हायेत." त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे आमचे जावई. दांडगे आहेत, ते खरं आहे. फोन ठेवला की लेक म्हणायची, "आई, मला डबा नकोय. वजन वाढलं की त्या गप्प बसतील." सगळं त्या काट्यावर येऊन थांबलं होतं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. विहीणबाई बाळंतविडा घेऊन आल्या. झबली, टोपडी, दुपटी, चांदीचे वाळे, आणि सगळ्यांत वर, सगळ्यांना दिसेल अशी, खोक्यातली गुलाबी चोखणी.

"हे काय आणलंत?" मी विचारलं. मला माहीत होतं काय ते.

"चोखणी. आजकाल शहरात सगळी देतात. मधात बुडवून तोंडात घातली की पोरगं तासभर हलत न्हाई."

"आमच्यात पोरांना रबर चघळायला देत नाहीत, विहीणबाई."

"मग काय देता?"

"आई देतो."

बायका हसल्या. त्या क्षणी मी विहीणबाईंना चारी मुंड्या चीत केलं असं मला वाटलं आणि त्या आनंदात मी पुरणाच्या दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. चोखणी कपाटात गेली.

चौदाव्या दिवशी आशाताई पुन्हा आली. काटा दोन आठशेवीसवर थांबला. जन्माच्या वजनावर वीस ग्रॅम. लेक इतकी खूष झाली की तिनं काट्याचा फोटो काढून अवसरीला पाठवला. मी आशाताईला दारापर्यंत सोडायला गेले आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्या एका भाचीला विचारायचं होतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी दिली तर चालते का गं?"

आशाताई उंबऱ्यातच वळली. "किती दिवसांचं बाळ हाय भाचीचं?"

"असेल पंधराएक दिवसांचं."

"मग सांगा तिला, महिनाभर थांब म्हणावं. आधी बाळ अंगावर नीट लागू दे, वजन चढू दे. मग हवी तर द्या, पोट भरल्यावर. भुकेला नाय द्यायची. आणि मध तर जिभेला बी लावायचा न्हाई." चप्पल घालता घालता ती म्हणाली, "भाचीला सांगा हां काकी."

मी भाचीला सांगितलं असतं. पण त्याच दुपारी मी खोलीत गेले तर लेक भिंतीला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपलेली, तोंड उघडं, आणि नात तिच्या मांडीवरून घसरत पलंगाच्या कडेला आलेली. मी झडप घालून धरली. लेक जागीसुद्धा झाली नाही. चौदा दिवसांत लेकीचे डोळे आत गेले होते. मला वाटलं, हिला दोन तास झोप मिळाली नाही तर एक दिवस दोघी पडतील. काखेत नातीला धरून मी एका हातानं कपाट उघडलं.

चोखणी उकळून, निववून, मागच्या पडवीत जाऊन तिच्या ओठाला लावली. तिनं आधी जिभेनं बाहेर ढकलली. दुसऱ्यांदा लावली तर कपाळाला आठ्या घातल्या. तिसऱ्यांदा ओढून घेतली आणि चोखायला लागली, आणि घरात असा शुकशुकाट झाला की गोठ्यातून ह्यांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "काय झालं गं?"

"काय नाही. निजली."

"कशी?"

"मी निजवली."

ते मागं येईपर्यंत चोखणी माझ्या ब्लाउजमध्ये गेली होती. लेक अडीच तास झोपली. उठली तेव्हा तिचा चेहरा बघून मला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. "आई, कशी काय गं शांत राहिली?" मी म्हटलं, "माझ्या आजीचं गाणं म्हटलं." माझ्या आजीला गाणं येत नव्हतं.

आता ही गोष्ट ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. लेक कपाट उघडते, गादी झटकते, डबे बघते. तेव्हा मी माझ्या मते फार हुशारी केली. लाल खणाच्या तुकड्यात चोखणी गुंडाळली, वर काळा दोरा आवळला आणि ती पुरचुंडी झोळीच्या वरच्या दांडीला बांधून टाकली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आमच्याकडं झोळीला बांधलेली काळ्या दोऱ्याची पुरचुंडी कुणी सोडून बघत नाही. नजरेचं असतं, आत काय आहे ते विचारायचंही नसतं. लेकीनं बघितली, ओठ मुरडले आणि म्हणाली, "आई, तू पण ना." हात लावला नाही. एवढी शिकलेली मुलगी, पण पुरचुंडीला हात लावला नाही.

पुढचा आठवडा माझा होता. नातीनं मूठ तोंडाकडं नेली, मान इकडून तिकडं वळवली, ओठांनी काहीतरी शोधायला लागली की मी लेकीच्या आधी झोळीशी हजर. "तू पड गं, मी बघते." दार लोटायचं, गाठ सोडायची, चोखणी द्यायची, वरून मोठ्यानं गाणं म्हणायचं. नात गप्प. गल्लीत माझं नाव झालं. पलीकडच्या घरातली मावशी, जिच्या सुनेचं बाळ तीन महिन्यांचं होतं, ती रोज माझा खेळ बघायला यायची. तिची नजर पुरचुंडीवर गेली.

"वहिनी, हे कुणाचं?"

मला नाही म्हणायला हवं होतं. पण समोर प्रेक्षक असला की माझ्या जिभेचा ताबा सुटतो. "शिनोलीच्या पुढं एक म्हातारा आहे, डोंगरात. कुणाला देत नाही तो."

"तुमाला कसं दिलं मग?"

"मी बसून राहिले त्याच्या दारात."

"तुमी? बसून?" मावशीला तेवढंच खोटं वाटलं. बाकी सगळं तिनं खरं धरलं, पुरचुंडीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि म्हणाली, "लई जागृत हाय. माझ्या नातवासाठी बी एक आणा."

ह्यांना मात्र चौथ्या दिवशी कळलं. सकाळी मालिशवाली बाई लेकीचं अंग चोळेपर्यंत मी चोखणी उकळून घ्यायचे. चहाच्या पातेल्यात, कारण दुसरं पातेलं काढलं की आवाज होतो. त्या दिवशी गडबडीत मी त्याच पाण्यात चहा-साखर टाकली. ह्यांनी कपात ओतून घ्यायला पातेलं वाकडं केलं तर गाळणीत गुलाबी चोखणी.

त्यांनी गाळणी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हणाले, "आलं न्हाई वाटतं घरात."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते चहा प्यायले, तोच चहा. कप खाली ठेवून म्हणाले, "पोरीला सांग."

"सांगते की. झोपू दे चार दिवस तिला."

"तिला सांगितल्याबिगर तिच्या पोराच्या तोंडात घालतीस. बरं न्हाई ते."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मला न्हाईच कळत," ते म्हणाले आणि कांद्याला पाणी द्यायला गेले. त्यांची ही सवय मला सत्तावीस वर्षांत आवडलेली नाही. भांडण अर्ध्यात टाकून पाणी द्यायला जातात.

सहाव्या दिवसापासून लेक गप्प राहायला लागली. आधी दोन दिवस तिची छाती दगडासारखी झाली होती. मी गरम फडक्यानं शेकली आणि म्हटलं, होतं असं. मग ती मऊ पडली. झोप मिळत होती तरी पोरगी हसत नव्हती. जेवताना मध्येच विचारायची, "आई, अळीव अजून आहेत का? मेथीचे लाडू संपले का?" मी दुप्पट खीर केली. शतावरीची पावडर आणून दुधात घातली. एका हातानं खीर भरवत होते आणि दुसऱ्या हातानं तिच्या पोरीचं तोंड बंद करत होते. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. दिसत नव्हतं असं नाही. मी बघत नव्हते, पळत होते.

एकविसाव्या दिवशी आशाताई आली. मी तिच्यासाठी चहा टाकला, चांगल्या पातेल्यात. तिनं काटा आडव्या वाशाला अडकवला, नातीला काट्याच्या झोळीत ठेवलं. दोन आठशेचाळीस. तिनं झोळी उतरवली, काटा शून्यावर आणला, पुन्हा टांगली. दोन आठशेचाळीस.

"सात दिवसांत वीस ग्रॅम," आशाताई म्हणाली. "हे कमी हाय ताई. ह्याच्या सात-आठपट तरी वाढायला पायजे व्हतं. दिवसातून किती वेळा पिते?"

लेकीनं फोन उघडला. "आधी बारा व्हायचं. आता सात. परवा सहा." ती घाईघाईनं म्हणाली, "पण रडत नाही. आईकडं शांत असते ना."

"शू किती वेळा?"

लेक बोटांवर मोजायला लागली आणि मोजता मोजता थांबली.

आशाताईनं नातीच्या गालाला बोट लावलं, तशी नात वळून बोट शोधायला लागली. "भुकेली हाय ही," ती म्हणाली. "आत्ता पाजा, माझ्यासमोर. तीन दिवसांनी मी परत येते. न्हाई वाढलं तर नारायणगावला डॉक्टरांकडं जायचं, ते सांगतील वरचं दूध द्यायचं का." मग तिनं आमच्या झोळीकडं बघितलं. "आणि ह्यो दोरा काढा आधी. बाळाच्या गळ्याशी काय लोंबतं ठेवू नका, काकी."

ती गेली. लेकीनं नातीला पाजायला घेतलं. पाजता पाजताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता. तेवढ्यात फोन वाजला. अवसरी. लेकीनं स्पीकर लावला, कारण तिचे दोन्ही हात अडकले होते.

"कितीक भरलं गं वजन?" विहीणबाई.

लेक फोनकडं वाकून म्हणाली, "आई, माझं दूध पुरत नाहीये. तुम्ही आणा डबा."

"आणते उद्या. अगं, रडू नको. न्हाई येत एखादीला. त्यात काय वाईट वाटून घ्यायचं."

मी दारात उभी होते. पळायला ओटी होती, अंगण होतं, समोर गावभर रस्ता होता. ह्यांच्याकडं बघितलं तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. मी झोळीच्या दांडीशी गेले. काळ्या दोऱ्याची गाठ सुटेना, दातानं तोडली. लाल खण उघडून चोखणी लेकीच्या समोर पलंगावर ठेवली.

"तुला दूध आहे," मी म्हटलं. "तुझं दूध कमी नाही. मी तिला ही देत होते. भुकेची मागायला लागली की ही द्यायचे. आठ दिवस."

फोनमध्ये विहीणबाई म्हणाल्या, "काय? काय देत व्हत्या?"

लेकीनं कोपरानं फोन बंद केला. तिनं चोखणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. मला ते येतं. ती हळू आवाजात म्हणाली, "इतके दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय, आई. अंघोळीला गेले की तिथं रडायचे. आणि तू मला खीर आणून देत होतीस."

"तुला झोप मिळावी म्हणून..."

"मग मला सांगायचं होतं. मी झोपले नसते, एवढंच ना?"

तिनं नातीला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि म्हणाली, "आता हिला तू उचलायची नाहीस. मूठ तोंडाकडं गेली की मला हाक मारायची. रडली तरी मला. झोपली असले तरी उठवायचं."

ते तीन दिवस मला काही काम नव्हतं. नात रात्रंदिवस लेकीच्या अंगाला चिकटून. दर तासा-दीड तासानं पाजणं. मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, गहू निवडले, ह्यांच्या मागं कांद्याच्या वाफ्यात गेले तर ते म्हणाले, "पाय नको देऊ रोपावर, घरी जा." मावशी ताईत मागायला आली तेव्हा मी तिला अंगणातच खरं सांगितलं. तिला राग आला नाही. ती म्हणाली, "रबर असलं तरी गुण आला म्हणजे त्याच्यात काहीतरी आसंल." तिला समजवायला मला अर्धा तास लागला आणि तरी तिला पटल्यासारखं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई डबा घेऊन आल्या. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, "बारशात तुम्हाला बोलले आणि मीच ती चोखणी दिली. चुकलं माझं."

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. हसू दाबायला त्यांना किती कष्ट पडत होते ते मला दिसत होतं. "आई देतो म्हणालात की वो तुमी," त्या म्हणाल्या.

"म्हणाले."

"सगळ्यांसमोर."

"हो. हसा आता."

त्या हसल्या, पोट धरून, पदर तोंडात घालून. आत नात दचकली. मग डोळे पुसत त्या लेकीजवळ जाऊन बसल्या. लेक म्हणाली, "परवा वजन करायचंय. तोवर डबा उघडू नका." विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या. "परवापर्यंत मी हितंच हाय. मला बी बघायचंय." आणि खरंच राहिल्या. दोन दिवस आम्ही दोघी विहिणी ओटीवर डबा मध्ये ठेवून गहू निवडत बसलो. मी बसले, हे त्यांनीही अवसरीत जाऊन सांगितलं असणार.

चोविसाव्या दिवशी आशाताई आली. काटा वाशाला अडकवला. लेक काट्याकडं बघेना, ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. विहीणबाई पुढं झाल्या, चष्मा नाकावर सरकवला, पण आकडा आशाताईनंच वाचला. "दोन नऊशेचाळीस. शंभर ग्रॅम चढली. शू किती?"

"काल आठ वेळा," लेक भिंतीकडं बघतच म्हणाली.

"मग डॉक्टर बिक्टर काय नको आत्ता. आसंच पाजत राहा. डबा न्या परत." हे तिनं विहीणबाईंना सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भाचीचं बाळ कसं हाय, काकी?"

"बरं आहे आता," मी म्हटलं.

महिना झाल्यावर लेकीनं स्वतःच चोखणी काढली. आशाताईला विचारून, स्वतः उकळून, स्वतः निववून. दोरा नाही, मध नाही. नातीचं पोट भरलेलं, डोळे जड झालेले, पण चोखायची हौस फिटलेली नाही, असं बघून तिनं चोखणी ओठाला लावून नुसती धरली. नातीनं आपण होऊन घेतली. पाच मिनिटं चोखली, मग झोपेत सोडून दिली. ती पडली तशी माझा हात पुढं गेला.

"पडली तर पडू दे," लेक म्हणाली. "परत घालायची नाही."

मी हात मागं घेतला. तिनं मला तिथंच बसायला सांगितलं, नातीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा डोक्यावरून नीट अंघोळ करायला गेली. मांडीवर पोर असलं की उठता येत नाही. चोखणी बाजूला फडक्यावर पडलेली होती, हाताशी. मी तिच्याकडं बघत नव्हते.

पाऊण तासानं नातीनं मान वळवली. मूठ तोंडाकडं नेली. ओठ हलवले.

"अगं ए, ये लवकर," मी न्हाणीच्या दिशेनं हाक मारली. "भूक लागली हिला."

"आत्ताच तर पाजलंय, आई. डोक्याला शिकेकाई आहे माझ्या."

"मला काय सांगतेस," मी म्हटलं, "तिला सांग."

केसांतून पाणी गळतंय तशीच ती आली.